सोरायसिस, इतर त्वचाविकार आणि हळदीचे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत त्वचारोगांवर उपचार करतो. ज्या शहरात हळदीचे सौदे निघतात आणि जिथल्या अनेक घरांचा हळदीच्या व्यापाराशी किंवा शेतीशी काही ना काही संबंध असतो, तिथे कातडीच्या कोणत्याही तक्रारीवर पहिला हात हळदीच्या डब्याकडेच जाणार, हे स्वाभाविक आहे. रुग्ण शर्टाची बाही वर करतो तेव्हा अनेकदा कोपरावरचा चट्टा पिवळाधमक असतो. आधी ओल्या कापसाने हळद पुसावी लागते आणि मगच खालची त्वचा दिसते. पुसता पुसता जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

सोरायसिस म्हणजे नेमके काय? तो एकापासून दुसऱ्याला होतो का?

नाही, तो संसर्गजन्य नाही. सोरायसिस झालेल्या माणसाचा टॉवेल वापरल्याने, त्याच्या पंक्तीला बसल्याने किंवा त्याच्या हातचे खाल्ल्याने तो कोणालाही होत नाही. हे मी सर्वांत आधी सांगतो, कारण या आजाराने जेवढा त्रास खाजेने होतो, त्याहून अधिक घरातल्या आणि गावातल्या लोकांच्या अंतर राखण्याने होतो.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेविरुद्ध विनाकारण चेतवली गेल्यामुळे हा आजार होतो. निरोगी त्वचेत तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण २८ दिवस लागतात. सोरायसिसमध्ये हेच चक्र तीन ते पाच दिवसांत उरकते. पेशी पक्व होण्याआधीच एकावर एक साचतात, त्यांच्या चंदेरी खपल्या होतात आणि खाली लाल, जाड चट्टा उठतो. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२३ अशी नावे असलेले दाहकारक रेणू या गडबडीच्या केंद्रस्थानी असतात. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे. घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, धूम्रपान, मद्यपान आणि काही औषधे यांमुळे तो उफाळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठराव करून त्याला गंभीर असंसर्गजन्य आजार म्हणून मान्यता दिली.

माझ्या अंगावरचा चट्टा सोरायसिसचाच आहे, हे मला घरी ओळखता येईल का?

अंदाज करता येईल, निदान करता येणार नाही. आणि हळदीच्या उपचारांत सर्वांत मोठी चूक नेमकी इथेच होते. लोक आजार न ओळखताच लेप लावतात. सोरायसिसचे चट्टे बहुधा कोपर, गुडघे, कंबरेचा मागचा भाग आणि डोक्याची त्वचा येथे असतात, त्यांच्या कडा स्पष्ट असतात आणि खपली खरवडली की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे पडतात. नायट्यात मात्र चट्ट्याची कड लाल आणि उठावदार असते, मधला भाग बरा झाल्यासारखा दिसतो आणि खाज असह्य असते. इसबात त्वचा ओलसर होते किंवा चिरते. खरजेत बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कंबरेभोवती पुटकुळ्या येतात, रात्री खाज वाढते आणि बहुधा घरातले दोघे-तिघे एकाच वेळी खाजवत असतात.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगतो. चट्टा खाजत नसेल आणि त्यावर पिसाने किंवा कापसाच्या टोकाने स्पर्श केल्यावर जाणीव होत नसेल, तर एकही दिवस घरगुती उपाय करू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. पण उशीर झाला तर नसांची झालेली हानी भरून येत नाही.

हळदीत असे काय आहे की तिला औषध म्हटले जाते?

हळदीच्या कंदात कुरकुमिन आणि त्याच्यासारखी आणखी दोन पिवळी द्रव्ये असतात. शिवाय उडनशील तेलही असते. वाळलेल्या हळदीत कुरकुमिनाचे प्रमाण जात आणि जमीन यांनुसार साधारण दोन ते पाच टक्के भरते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर कुरकुमिन टाकले की दाह निर्माण करणारे काही संकेत मंदावतात, आणि त्यांत सोरायसिसशी संबंधित संकेतही आहेत. म्हणून संशोधकांना त्यात रस वाटला, आणि तो रास्त आहे.

पण कुरकुमिनाचे तीन स्वभावदोष आहेत आणि ते जाणल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. ते पाण्यात विरघळत नाही. पोटात घेतल्यावर आतड्यात फार थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावते. तिसरे म्हणजे ते प्रकाशात आणि क्षारात टिकत नाही. हा तिसरा दोष आपल्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे: हळद लागलेल्या पातळाला साबण लावला की डाग क्षणात लालभडक होतो, आणि तेच पातळ उन्हात वाळत घातले की दोन दिवसांत डाग फिका पडतो. हळदीत क्षार मिसळून कुंकू तयार होते ते याच गुणामुळे.

मग हळदीने सोरायसिस बरा होतो की नाही?

सोरायसिस कायमचा नाहीसा करणारे औषध आज कोणत्याच पॅथीत नाही. तो आटोक्यात राहतो, वर्षानुवर्षे शांत राहतो, पण प्रवृत्ती शिल्लक असते. त्यामुळे प्रश्न असा विचारायला हवा की हळद त्याला आटोक्यात ठेवायला मदत करते का. याचे माझे उत्तर असे आहे: थोडीफार, काहींना, आणि इतर औषधांच्या जोडीने, एकटी नाही.

२००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात सोरायसिसच्या १२ रुग्णांना रोज साडेचार ग्रॅम कुरकुमिनॉइड (म्हणजे कुरकुमिन आणि त्याच्यासारखी पिवळी द्रव्ये) पोटात दिले गेले. त्यांपैकी अवघ्या दोघांना चांगला गुण आला, आणि सोरायसिस काही वेळा आपणहूनही ओसरत असल्यामुळे तो गुण औषधाचाच होता असे अभ्यासकांना म्हणता आले नाही. २०१५ मध्ये इटलीत ६३ रुग्णांवर अभ्यास झाला. सर्वांना स्टेरॉइडचे मलम दिले होते. अर्ध्यांना त्याबरोबर अधिक शोषले जाईल अशा स्वरूपातले कुरकुमिन दिले गेले, आणि त्या गटात चट्टे अधिक कमी झाले. हळदीच्या जेलचे आणि डोक्याला लावण्याच्या अर्काचेही लहान अभ्यास झाले आहेत आणि त्यांत सौम्य सोरायसिसमध्ये खपल्या, लाली व जाडी कमी झालेली दिसली. पण हे जेल आणि अर्क कारखान्यात विशिष्ट पद्धतीने बनवलेले होते. वाटीत कालवलेली हळद म्हणजे ते नव्हे.

लहान अभ्यासांवर लगेच विसंबू नये असे मी का म्हणतो, त्यालाही हळदीचेच उदाहरण देतो. स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या ३० स्त्रियांच्या २०१३ मधल्या अभ्यासात रोज सहा ग्रॅम कुरकुमिन घेतल्याने त्वचा कमी भाजली, असे आढळले. आशा वाढली. मग सुमारे ६८६ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आणि त्यात कुरकुमिन व तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी यांत फरक दिसला नाही.

रोज रात्री हळद घातलेले दूध घेतले तर पुरेसे होईल का?

हिशोब मांडून पाहू. एक सपाट चमचा हळद म्हणजे साधारण तीन ग्रॅम. त्यात तीन टक्के कुरकुमिन धरले तर ९० मिलिग्रॅम होते. वर उल्लेखलेल्या अमेरिकी अभ्यासातली मात्रा गाठायची तर दिवसाला ५० चमचे हळद पोटात जायला हवी, आणि एवढे करूनही त्या अभ्यासात १२ पैकी दोघांनाच गुण आला होता. मिऱ्यातल्या पिपेरिनमुळे कुरकुमिनाचे शोषण सुमारे वीस पटींनी वाढते, असे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले, हे खरे आहे. पण मूळ आकडाच नगण्य असल्यामुळे वीस पटींनंतरही तो मोठा होत नाही. दूध आवडत असेल तर जरूर घ्या, त्यात अपाय नाही. फक्त त्याला उपचार समजून चालू औषध सोडू नका.

लेप लावायचाच असेल तर तो कसा आणि कशात लावावा?

कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्यात कालवलेली हळद वाळली की वरच्यावर पावडर होऊन झडते आणि जाड खपलीच्या आत पोचत नाही. शिवाय वाळताना ती त्वचा आणखी कोरडी करते, आणि सोरायसिसमध्ये कोरडेपणा म्हणजे खाजेला आमंत्रण. खोबरेल तेलात किंवा साध्या पेट्रोलियम जेलीत चिमूटभर हळद मिसळून लावणे त्यातल्या त्यात बरे. खरे सांगायचे तर अशा लेपाने जो आराम पडतो त्यातला मोठा भाग तेलाचा असतो. तेलाने खपली मऊ होते, त्वचेतला ओलावा टिकतो आणि आग शमते. म्हणून हळद न घालता नुसते तेल अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग थोडे ओले असतानाच चोळले तरी चालेल. हे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो, विशेषतः थंडीच्या दिवसांत.

प्रथमच लेप लावणार असाल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दोन-तीन दिवस लावून पाहा. चिरलेल्या, ओलसर किंवा रक्त आलेल्या त्वचेवर लावू नका. डोळ्यांजवळ आणि जांघेत लावू नका.

आणि चुना कधीही घालू नका. मुरगळलेल्या पायावर आपल्याकडे हळद-चुन्याचा गरम लेप घालतात, तोच काही जण सोरायसिसच्या चट्ट्यावर थापतात. मागच्या हिवाळ्यात तासगाव भागातला एक तरुण द्राक्षबागायतदार माझ्याकडे आला. त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर चुन्याने भाजले होते. आणि चट्ट्यांच्या भोवती, जिथे पूर्वी त्वचा चांगली होती, तिथे लेपाच्या कडेबरहुकूम नवा सोरायसिस उमटला होता, जणू कोणी पेन्सिलने रेघ ओढावी तसा. याला कोब्नर परिणाम म्हणतात: सोरायसिसच्या रुग्णाची त्वचा कापली, भाजली किंवा जोरात खरवडली गेली, तर बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास त्या जखमेवरच आजार उगवतो. लिंबाचा रस, व्हिनेगर, लसूण यांनाही हेच लागू आहे. काथ्याने किंवा दगडाने खपल्या घासून मग हळद लावणे हा तर दुहेरी अपाय आहे.

हळद लावल्यावर अंगावर पुरळ आले. हळदीची ॲलर्जी असू शकते का?

असू शकते. फार जणांना होत नाही, पण होते. हळदीच्या समारंभानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवरीचा चेहरा आणि मान लाल होऊन सुजणे मी पाहिले आहे. कराडकडची एक मुलगी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आईबरोबर रडत आली होती. दोष कधी हळदीचा असतो, कधी तिच्यात मिसळलेल्या सुगंधी तेलाचा किंवा उटण्याचा, तर कधी भेसळीच्या रंगाचा. ज्यांना आधीच इसब किंवा सोरायसिस आहे त्यांनी समारंभात हळदीचे बोट कपाळाला लावून घ्यावे आणि अंगभर माखणे टाळावे. याने कोणत्याही विधीत उणे येत नाही. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्यात न्हाऊन निघालेल्या भाविकांनीही घरी पोचल्यावर भरपूर पाण्याने अंग धुवावे आणि तेल लावावे, कारण उधळायचा भंडारा म्हणून विकली जाणारी प्रत्येक पिवळी पूड हळदच असेल याची खात्री नसते.

कुरकुमिनच्या कॅप्सूल मिळतात. त्या घेतल्या तर चालतील का?

या प्रश्नाचे उत्तर कृपया शेवटपर्यंत वाचा. कॅप्सूलमध्ये हळद नसते, हळदीचा घट्ट अर्क असतो, आणि त्याचे शोषण वाढवण्यासाठी बहुधा पिपेरिन घातलेले असते. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ ही समजूत येथे धोक्याची आहे. हळदीच्या अशा पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची माहिती अमेरिकी संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतले निम्मे रुग्णालयात दाखल झाले आणि एकाचा मृत्यू झाला. इटलीतूनही अशी प्रकरणे नोंदली गेली आहेत. असे विरळ घडते, पण घडते.

सोरायसिसच्या रुग्णाला हा धोका अधिक का, तर मध्यम आणि तीव्र सोरायसिसमध्ये आम्ही मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या प्रमाणात वापरतो. ते स्वस्त आहे, गुणकारी आहे, पण त्याचाही भार यकृतावर पडतो. म्हणूनच दर काही आठवड्यांनी रक्ताची तपासणी करावी लागते. त्यात रुग्णाने न सांगता कुरकुमिनची कॅप्सूल सुरू केली आणि यकृताचे आकडे वाढले, तर दोष कशाचा हे कळत नाही आणि चांगले लागू पडलेले मेथोट्रेक्सेट नाहक बंद करावे लागते. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जीवावर बेतते. संधी मिळेल तिथे मी हे लिहितो, येथेही लिहितो.) सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत पिपेरिनमुळे रक्तातली औषधाची पातळी वाढू शकते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, गर्भारपण असेल किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर या कॅप्सूल घेऊ नयेत. यांपैकी काहीच नसेल तरीही आधी डॉक्टरांना विचारा. आणि घेत असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी थांबवून तपासणी करा.

भाजी-आमटीतली हळद या धोक्यात मोडत नाही. ती निःशंक खा.

आयुर्वेदात तर हळद सांगितली आहे. मग तुम्ही तिला दुय्यम का मानता?

चरकसंहितेत कुष्ठघ्न द्रव्यांच्या गणात हरिद्रेचा समावेश आहे, आणि तेथे कुष्ठ म्हणजे केवळ आजचा कुष्ठरोग नव्हे, तर त्वचाविकारांचा मोठा वर्ग आहे. पण त्याच गणात खदिर, आवळा, हिरडा, बहावा, वावडिंग अशी दहा द्रव्ये आहेत. ग्रंथकारांनीही एकट्या हळदीवर भार टाकलेला नाही. तुम्हाला आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर पदवीधर, नोंदणीकृत वैद्यांकडे जा आणि चालू औषधांची यादी त्यांना दाखवा. माझा आक्षेप आहे तो नाव नसलेल्या पुड्यांना. आठवडी बाजारात किंवा फोनवरून मागवलेल्या अशा पुडीने आठ दिवसांत चट्टे गायब झाले, तर आनंद मानण्याआधी शंका घ्या, कारण इतक्या झटपट गुण येतो तो अनेकदा पुडीत मिसळलेल्या स्टेरॉइडचा असतो. ती पुडी संपली की सोरायसिस दुप्पट जोराने उलटतो, कधी अंगभर पूमय फोड येतात.

अमेरिकेने हळदीचे पेटंट दिले होते, म्हणजे तिचा गुण सिद्धच झाला ना?

नाही. १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ती लढाई होती. पण हा वापर नवा नसून भारतात पूर्वापार चालत आला आहे, एवढेच त्यात सिद्ध करायचे होते आणि तेवढेच झाले. जुना उपाय असणे आणि सोरायसिसवर लागू पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरूज, नायटा, मुरुम, कोड यांवर हळद चालते का?

खरजेवर कडुनिंब आणि हळदीच्या लेपाचा एक अभ्यास तमिळनाडूत ८१४ जणांवर झाला होता आणि ९७ टक्के रुग्ण तीन ते पंधरा दिवसांत बरे झाल्याचे त्यात नोंदले आहे. आकडा मोठा आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आज परमेथ्रिनचे मलम सहज मिळते. ते घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत लावणे हा खात्रीचा उपाय आहे.

नायट्यावर हळदीने फरक पडत नाही, आणि तेवढ्या वेळात तो घरभर पसरतो. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून मागून आणलेले तीन औषधांचे मिश्र मलम. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते, आणि चार महिन्यांनी रुग्ण येतो तेव्हा नायट्याचे रूपच ओळखू येत नाही. अशा रुग्णांना महिनोन्‌महिने उपचार घ्यावे लागतात, हे मी रोज पाहतो आहे. मुरुमांवर हळदीचा पातळ लेप अपाय करत नाही, मोठा उपायही करत नाही. कोडाचे पांढरे डाग हळदीने भरत नाहीत. ते पिवळे दिसतात एवढेच.

लेपासाठी कोणती हळद घ्यावी? भेसळ कशी ओळखावी?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि राजापुरी हळकुंडे आपल्याकडे विश्वासाने मिळतात. शक्य असेल तर हळकुंडे आणून घरी किंवा समोर उभे राहून गिरणीत दळून घ्या. हळद शिजवून, वाळवून, ढोलात घालून पॉलिश करतात. तिथे वरून रंग चढवला जाण्याचा धोका असतो. लेड क्रोमेट आणि मेटॅनिल यलो हे भेसळीचे नेहमीचे रंग आहेत, आणि पहिल्यात शिसे असते, जे मुलांच्या मेंदूला घातक आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड न ढवळता सोडा: शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिके पिवळे राहते, भेसळीची असेल तर गडद होते. ही ढोबळ परीक्षा आहे. खात्री प्रयोगशाळेतच होते. अस्वाभाविक झळाळी असलेली हळद मी स्वयंपाकातही घेणार नाही, मग चिरलेल्या त्वचेवर लावण्याची गोष्टच दूर.

मग सोरायसिसवर खरा उपचार कोणता, आणि खर्च किती?

आजार थोडा असेल तर स्टेरॉइडचे आणि ड जीवनसत्त्वाच्या जातीचे मलम, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरते. अधिक असेल तर नॅरोबँड अतिनील किरणांचा उपचार किंवा मेथोट्रेक्सेट. त्यानेही भागले नाही तर इंटरल्यूकिन-१७ ला अडवणारी इंजेक्शने आहेत. ती महाग आहेत, हे मान्य. पण बहुतेकांना तिथवर जावे लागत नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवले तर खर्च बराच कमी होतो.

ताबडतोब केव्हा यावे, आणि येताना काय आणावे?

अंगभर लाली पसरली, थंडी-ताप आला, पूमय फोड उठले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सकाळी उठल्यावर बोटे किंवा टाचा अर्धा तासाहून अधिक आखडत असतील, एखादे बोट सबंध सुजले असेल, तर तेही लवकर सांगा. सोरायसिसच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना सांध्यांचा आजार होतो आणि सांधा एकदा वाकडा झाला की सरळ होत नाही.

येण्याआधी दोन दिवस हळद लावू नका, कारण पिवळ्या रंगाखाली लाली झाकली जाते. आजवर जे जे लावले आणि खाल्ले ते सर्व पिशवीत घालून आणा: मलमाच्या रिकाम्या नळ्या, कॅप्सूलची बाटली, वैद्यांची चिठ्ठी, शेजारणीने दिलेली पुडीसुद्धा. कोणीही रागावणार नाही.